पाच चौकोनांत अख्खा गोवा
तुमच्या लेखात ०.२५ अंशाच्या जाळीवरचा (म्हणजे नकाशाच्या दर चौकोनाला एकच आकडा असलेला) पाऊस बायलिनियर पद्धतीने ५ किलोमीटरच्या बारीक जाळीवर आणून गोव्याचा तालुकावार नकाशा दिलाय. मेहनत दिसते, पण नकाशा पटला नाही. ०.२५ अंश म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किलोमीटरचा चौकोन. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे जेमतेम पाच चौकोनांचा! त्यातून सत्तरी तालुक्याचा वेगळा पाऊस कुठून काढणार? तिथल्या वाळपईत धो धो कोसळत असतो तेव्हा पणजीत कित्येकदा नुसती भुरभुर असते. बायलिनियर पद्धत भोवतालच्या चार बिंदूंची अंतरानुसार सरासरी काढते, घाटाची चढण पाऊस वाढवते हे तिला ठाऊकच नाही. तापमानाला चालते, तिथेही उंचीची दुरुस्ती हवीच. कृपया नकाशाखाली मूळ जाळी किती होती ते ठळक लिहा. आमच्याकडचे सुपारीवाले असले आकडे खरे धरून फवारणीचा दिवस ठरवतात.