मामीला सांगा, आणि आत्ताच सांगा

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या दोन वाद चालू आहेत. नाशिकच्या मामीचा ब्रेस्ट कॅन्सर मेंदू आणि मणक्याभोवतीच्या आवरणात पसरलाय. अर्धे म्हणतात तिला सांगू नका, खचेल, आणि उरलेले मला म्हणतात तू यूकेत आहेस ना, तिकडे काहीतरी निघालं असेलच की.

दुसऱ्याचं आधी सांगते. इथे यूकेत जे करतात ते बहुतेक तिकडे भारतातही होतं. कॉन्ट्रास्ट एमआरआय, पाठीतलं पाणी काढून तपासणं, रेडिएशन, मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध थेट त्या पाण्यात सोडणं. उलट मामीचा एमआरआय दुसऱ्या दिवशी झाला, इथे तारखेसाठी थांबावं लागलं असतं. २०२२ साली न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात ब्रेस्ट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवाल्यांना मेंदू-मणक्याला प्रोटॉन रेडिएशन (एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचं) दिलं तर जगायला साधारण १० महिने मिळाले, नेहमीच्या रेडिएशनवर ६. पण प्रोटॉन मशीन आता टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या खारघर सेंटरलाही आहे, विचारायचं तर तिथे विचारा, तिला विमानात कशाला बसवताय. आणि पाण्याचा पहिला रिपोर्ट क्लिअर आला म्हणून कुणी पेढे वाटायचं म्हणत होतं, तर पहिल्या वेळी साधारण निम्म्या पेशंटमध्ये आजार असूनही कॅन्सरच्या पेशी सापडतच नाहीत, म्हणून तर डॉक्टर परत पाणी काढूया म्हणतायत.

आता सांगण्याचं. इथे डॉक्टर आधी पेशंटलाच विचारतात, तुम्हाला किती जाणून घ्यायचंय, आणि मग सांगतात, पेशंटने हो म्हटलं तरच घरच्यांना. मला हे बरोबर वाटतं, आणि या आजारात तर फारच, कारण उपचार नाही केले तर बऱ्याचदा ४ ते ६ आठवडेच असतात, केले तरी बहुतेकांना काही महिने, आणि त्यातही एकाला दोन दिसणं, ऐकू कमी येणं, पाय लुळे पडणं, मग गोंधळायला होणं हे सगळं येत जातं. ती नीट बोलू शकते ते दिवस आत्ताचेच आहेत हो, ते आपण लपवण्यात घालवायचे का?

इथलं सगळं चांगलं असं नाही. हॉस्पिस आहेत, म्हणजे शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या संस्था, घरी नर्स येते, पण नर्स गेली की कितीतरी म्हातारी माणसं दिवसभर एकटी पडून असतात. मामीभोवती सहा माणसं आहेत, ते इथे पैसे देऊन मिळत नाही. फक्त ती सहा माणसं तिच्यासमोर नाटक करतायत, याचा मला त्रास होतो.

सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे. व्हेंटिलेटर हवा की नको हे तिला ठरवू द्या ना, पण आजारच माहीत नसेल तर ती सही कशावर करणार? मामा, शुक्रवारी डॉक्टरांकडे तिला केबिनबाहेर बसवू नका, आणि दुखणं कमी करणाऱ्या पॅलिएटिव्हवाल्यांची वेळ त्याच दिवशी मागून घ्या, शेवटासाठी राखून ठेवू नका.