दोन मासे, अर्धी गुंज

"चढं लागालंय रे हे," आई म्हणाली.

मी नुकतीच रेकॉर्ड प्लेयरची सुई टेकवून खुर्चीत मागे रेललो होतो. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू', १९५९ सालचं ध्वनिमुद्रण, जुन्या छापाची एलपी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळाली. बाई अठराशे म्हणाल्या, मी पंधराशे म्हणालो. त्यांनी काही न बोलता रेकॉर्ड परत खोक्यात ठेवली, मी काही न बोलता अठराशे मोजले. चोर्ला घाटातल्या धुक्यातून ती मांडीवर घेऊन आलो, आणि घरातलं पहिलं समीक्षण हे.

बेळगावात राहून जॅझ कसलं ऐकतोस, असं लोक विचारतात. अरे, गोवा आहे की शेजारी! मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे आणि दुपारी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसणारे वादक होते ते बहुतेक गोवेकरच. हळदोण्याचे चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे ट्रम्पेट वाजवायचे. म्हणजे लहानपणी रेडिओवर आम्ही जे ऐकून बिघडलो, त्यात हा माल आधीच मिसळलेला होता. मी फक्त मूळ दुकान शोधत गेलो.

पण आईच्या कानाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांच्या गावात पेटीला मान आहे, आणि आमच्या शहापुरातल्या घरात तर आईची पेटी देवघराच्या शेजारी असते. ती पेटी घेऊन माडीवर आली, भाता हलवला आणि रेकॉर्डमधला पियानो एका सुरावर थांबल्याबरोबर तोच सूर धरला. दोन सूर एकमेकांना घासून व्हंव्हंव्हं अशी थरथर सुरू झाली.

"ऐक. जुळत नाही. तुझं यंत्र पळालंय."

तिथून माझे चार महिने गेले.

आधी यंत्र सपाट हवं. आमच्या माडीला लाकडी फळ्या आहेत. बायको कपडे वाळत घालायला निघाली की सुई पुढच्या गाण्यावर जाते, मुलगा जिन्यावरून पळत आला तर थेट लेबलवर. यंत्राखाली जड दगड आणि दगडाखाली काहीतरी मऊ पाहिजे, हे मी वाचलेलं. जड दगड घरात एकच होता. मिक्सर आल्यापासून पाटा मोरीजवळ भिंतीला टेकून उभा असायचा. तो माडीवर चढवताना माझ्या कंबरेत जी कळ आली ती अजून पावसाळ्यात येते. खाली मऊ म्हणून आईच्या चार चुंबळी, वर पाटा, पाट्यावर पाणसळ. टाकी लावलेल्या पाट्यावर बुडबुडा कुठेही थांबायला तयार नाही. शेवटी एका पायाखाली कॅरमच्या दोन सोंगट्या घातल्या, त्यातली एक क्वीन.

"माझ्या चुंबळी कुठायत?" आई.

"जॅझखाली."

फळ्यांचा प्रश्न मिटला. सूर चढाच.

मग वजन. सुईने रेकॉर्डवर किती भाराने बसायचं याचा हिशेब असतो. माझ्या सुईला दोन ग्रॅम. कमी असेल तर ती खाचेत उड्या मारते, जास्त असेल तर नांगरते. वजनाचा आणि स्वराच्या उंचीचा तसा काही संबंध नाही, हे मला ठाऊक होतं. पण एकदा स्क्रू-ड्रायव्हर हातात आला की माणूस सगळीच झाकणं उघडतो. मोजायला काटा नव्हता. दोन ग्रॅम अचूक कोण मोजतं? सोनार.

आमच्या गल्लीतले सोनार काटा घरी द्यायला तयार नव्हते, म्हणून यंत्रच दुकानात न्यायचं ठरलं. अंतर फार नाही, पण हातात धरून नेताना यंत्राचा दांडा हलायला नको, म्हणून रिक्षा केली. गोधडीत गुंडाळलेलं ते गाठोडं मांडीवर बघून रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "एन्री सर इदु?"

"रेकॉर्ड प्लेयर री."

त्याने मान हलवली आणि पुढे प्रत्येक खड्ड्यापाशी, पेशंट असल्यासारखी, रिक्षा हळू केली. देवमाणूस.

दुकानात लग्नाची खरेदी चालली होती. एका बाजूला नवरीची आई पाटल्या बघतेय, दुसऱ्या बाजूला मी काउंटरवर रेकॉर्ड प्लेयर मांडतोय. सोनारांनी विचारलं, "काय ओ सर, ह्यात सोनं हाय काय?"

"सोनं नाही, हिरा आहे."

दुकान शांत झालं. सोनारांनी डोळ्याला भिंग लावलं, सुईच्या टोकाशी वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. "हाय खरं," ते म्हणाले. "पण एवढ्याशा हिऱ्याचं काय येणार ओ? मोडीतबी कोण घ्यायचं नाही."

उंची जमावी म्हणून मी यंत्राची फिरती तबकडी काढून तिच्या जागी काटा ठेवला. सुई काट्यावर उतरवायला गेलो तर बोटभर अंतरावरूनच तिने खाली झेप घेतली, आणि आकडा सात, अकरा, चार असा नाचायला लागला. सोनारांनी लगेच खणातून त्यांचं सोनं तपासायचं लोहचुंबक काढलं आणि सुईच्या डोक्याजवळ धरणार, तेवढ्यात मी त्यांचा हात पकडला. त्या डोक्यात केसाएवढ्या तारांजवळ एक चिमुकलं चुंबक थरथरतं, त्याचंच संगीत होतं. काट्याचं ताट लोखंडी, म्हणून ते ओढत होतं. मग सोनारांनी ताटावर उपडी पितळी डबी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि डबीवर सुई टेकवायला सांगितली. तीन ग्रॅम चाळीस! इतके दिवस मी जॅझ ऐकत नव्हतो, पेरणी करत होतो.

मागचं वजन केसाकेसाने फिरवत दोन ग्रॅमवर आणलं. नवरीची आई पाटल्या विसरून आमच्याकडे बघत होती. तेवढ्यात कोपऱ्यात गादीवर बसलेले सोनारांचे वडील डोळे मिटूनच म्हणाले, "दोन मासे, अर्धी गुंज."

घरी येऊन हिशेब केला. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा. दोन ग्रॅमला दोन मासे आणि जेमतेम अर्धी गुंज. म्हातारा अचूक होता.

सूर तरीही चढाच.

उरला वेग. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे फिरली पाहिजे. ते तपासायला एक छापील चकती येते, तिच्यावर कडेने १८० रेघा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर फिरत्या चकतीवरच्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. जास्त असेल तर पुढे सरकतात, कमी असेल तर मागे. पण आमच्याकडच्या नव्या एलईडी दिव्यांखाली रेघा दिसेनातच, सगळं राखाडी. अडगळीतून चोकवाली जुनी ट्यूबलाइट काढली, माडीवर आडवी ठेवली, बाकीचे दिवे घालवले आणि चकतीवर ओणवा झालो. रेघा अगदी मुंगीच्या चालीने पुढे निघाल्या होत्या. सापडला चोर! मोटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला, मुंगी उलटी चालायला लागली. परत अर्धा पाव. असं करत रात्री अकराला १८० रेघा खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या, आणि लाईट गेली.

लाईट आल्यावर पुन्हा बघितलं, रेघा उभ्याच. आईला उठवलं.

तिने पेटी धरली. व्हंव्हंव्हं. पहिल्यापेक्षा सावकाश, पण होतंच.

"चढंच आहे."

"आई, रेघा बघ, रेघा! हलत नाहीत."

"रेघा काय बघालाईस? कानानं बघ की." मग म्हणाली, "उलटी करून लाव बघू."

दुसरी बाजू लावली. तिने सूर धरला, आणि थरथर नाही. पेटी आणि पियानो एका ताटात जेवायला बसले.

"ही बरोबर. पहिली बाजू चढी. यंत्र कशाला पिळालाईस रात्रभर?"

एकाच रेकॉर्डची एक बाजू चढी आणि दुसरी बरोबर कशी असेल, असं म्हणून मी तिला झोपायला पाठवलं. दिवाळीत भाचा पुण्याहून त्याच अल्बमची नवी सीडी घेऊन आला. तिच्यावरची पहिल्या बाजूचीच तीन गाणी पेटीला सरळ जुळली. तेव्हा वाचायला बसलो. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या चर्चच्या स्टुडिओत २ मार्च १९५९ रोजी पहिल्या बाजूची तीन गाणी मुद्रित झाली, आणि त्या दिवशी मुख्य टेपचं यंत्र किंचित हळू चालत होतं. हळू घेतलेलं नेहमीच्या वेगाने वाजवलं की चढं लागणारच. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती बरोबर. जगभर विकलेली ही चूक सुधारून आवृत्ती निघाली ती १९९२ साली. तेहतीस वर्षं लोक डोळे मिटून माना डोलावत होते, त्यांच्या शेजारी पेटी घेऊन बसलेलं कुणी नव्हतं.

आईला सांगितलं. तिने "बरं" म्हटलं. आमच्या गावाचं नाव २०१४ साली बेळगावचं बेळगावी झालं तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती.

मधल्या काळात आणखी एक रेकॉर्ड गेली. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी आली होती, म्हणून बायकोने पहिल्या ऊनवाऱ्याला सगळी गच्चीवर पापडांशेजारी मांडली, एक कव्हरातून काढून. पापड कडक झाले, रेकॉर्ड मऊ. आता तिच्यावर सुई पालखीसारखी वरखाली होत जाते. मी काही बोललो नाही. गोधडी, चुंबळी आणि क्वीन यांचा हिशेब अजून बाकी होता.

होळीच्या आदल्या दिवशी आई माडीवर आली. "पाटा दे. पुरण मिक्सरमधलं नको, त्याला चिकटा येतो."

यंत्र टेबलावर ठेवलं. पाटा खाली न्यायला माझी कंबर तयार नव्हती, म्हणून तिने पुरण माडीवरच वाटायला घेतलं. पदर खोचला, वरवंटा पुसला आणि म्हणाली, "लाव की तुझं ते काहीतरी. दुसरी बाजू लाव हं, पहिली नको."

मी लावली. वरवंट्याच्या पहिल्याच फेऱ्याला सुई उडाली आणि अख्खं एक गाणं ओलांडून पुढच्यात जाऊन पडली.

"हे जास्त बरं आहे," आई म्हणाली आणि दुसरा फेरा मारला.