पाच काड्यांनी काय होतंय?

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर माझ्याकडे चार गटांतून आला. आंबा बागायतदारांचा गट, रोपवाटिकावाल्यांचा, शाळेच्या बॅचचा आणि शेवटी घरचा. घरच्या गटात तो भाच्याने टाकला. स्वारी नुकतीच बँकॉकहून आली होती आणि बॅगेत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, कलमासाठी आणलेल्या आंब्याच्या पाच काड्या होत्या. खाली लिहिलं होतं, "मामा, आधी वाचा आणि मग काय ओरडायचं ते ओरडा."

वाचलं. मजकुराचा सारांश असा: बाहेरून रोपं, काड्या, बियाणं आणायचं तर परवाना हवा, तिकडच्या सरकारचा आरोग्य दाखला हवा, इथे बंदरावर तपासणी आणि काही झाडांना वर विलगीकरण. हे सगळं इंग्रजांच्या १९१४ च्या कायद्याचं जोखड आहे, शेतकऱ्याला अडवायला आणि बड्या कंपन्यांची सोय करायला ठेवलेलं. मग एकेक मुद्दा, प्रत्येकापुढे लाल बोट.

१९१४ चा कायदा खरा आहे. पण आज ज्याने कारभार चालतो तो आदेश २००३ चा, आणि त्याची परिशिष्टं वरचेवर बदलत असतात. मी कलमं बांधून विकतो, या नियमांवर वैतागलोही आहे. तरी लाल बोटं मोजत बसलो.

पहिलं बोट: "मिरची, काजू, बटाटा सगळं बाहेरूनच आलं. तेव्हा कोण परवाना मागत होतं?"

कुणीच नाही. मिरची आणि काजू आले ते बी म्हणून, शिडाच्या गलबतातून, कित्येक महिन्यांचा प्रवास करून. वाटेत जिवंत झाड टिकत नसे, मग झाडावरची कीड कुठली टिकणार? समुद्र हेच विलगीकरण होतं. १८३३ मध्ये लंडनच्या नथॅनियल वॉर्ड या डॉक्टरच्या दोन काचेच्या बंद पेट्या सिडनीला गेल्या आणि आतली झाडं हिरवीगार पोचली. तिथून खेळ बदलला. पेट्या आल्या, पाठोपाठ आगबोटी आल्या, झाडं मातीमुळांसकट फिरू लागली. १८६० च्या दशकात फ्रान्सच्या द्राक्षबागा अचानक वाळायला लागल्या. अमेरिकेहून हौसेने आणलेल्या वेलींच्या मुळांवर फायलोक्सेरा नावाचा माव्याच्या भाईबंदांतला बारीक किडा आला होता. (फ्रान्सला अमेरिकन खुंटावर, म्हणजे तिकडच्या वेलीच्या मुळांवर, कलम करायला लावलं ते या किड्याने.) १८६९ मध्ये श्रीलंकेत कॉफीवर तांबेरा दिसला आणि काही वर्षांत मळेच्या मळे बसले, लोक चहाकडे वळले. १८७८ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात काही देशांनी मिळून वेलींच्या वाहतुकीवर पहिला करार केला तो हे सगळं भोगून. बटाट्याचं नाव तर या यादीत न घेतलेलंच बरं. १८४५ पासून आयर्लंडमध्ये त्यावरच्या करप्याने काय झालं ते शाळेत शिकवतात.

आणि सड्यावर जिथे पाय ठेवाल तिथे असणारी घाणेरी? तीही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आली होती. तिलाही कुणी परवाना विचारला नव्हता.

दुसरं बोट: "काडी स्वच्छ धुवून आणली की कीड कशी येईल?"

इथे भाच्याच्या काड्या कामी आल्या. जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद पसरला आणि कलमाच्या कामाचं दहापट भिंग घेतलं. चार काड्यांवर काहीच दिसलं नाही. पाचवीच्या दुसऱ्या डोळ्याशी, देठ खुडलेल्या खाचेत, करड्या रंगाची टिकली होती, मोहरीच्या अर्ध्याएवढी. भाचा म्हणाला, "मामा, चीक वाळलाय तो." नखाने सरकवली, सरकली नाही. सुईच्या टोकाने उचलली तर टोपण निघाल्यासारखी निघाली आणि खाली पिवळट, ओलसर अंग. खवले कीड. नळाखाली दोनदा धुतलेली काडी होती ती.

कुठली खवले कीड, ते मला सांगता येत नाही. आपल्याकडे आहे तीच असेल. नसेलही. भिंगाने एवढंच कळतं, पुढचं प्रयोगशाळेचं काम. आणि ही तर दिसणारी गोष्ट झाली. फुलकिडे अंडी घालतात ती पानाच्या गराच्या आत. विषाणू काडीच्या आत असतो, काडी टवटवीत असते. इटलीच्या पुलिया भागात २०१३ मध्ये ऑलिव्हची झाडं शेंड्याकडून जळाल्यासारखी दिसू लागली. झायलेला नावाचा जिवाणू निघाला. तो मध्य अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या कॉफीच्या रोपाबरोबर आला असावा, असं त्याच्या जनुकांवरून संशोधकांनी मांडलं. लागण झालेलं झाड कित्येक महिने ठणठणीत दिसतं. आजाराला औषध नाही. शेकडो वर्षांची झाडं तोडावी लागली.

म्हणूनच काही रोपं आणल्यावर ठरलेला काळ वेगळी वाढवून पाहावी लागतात. करोनात आपण चौदा दिवस खोलीत बसलो तेव्हा हे कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. बरोबर माती आणायला मनाई आहे त्याचं कारणही हेच: सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारा बारीक कृमी, मातीतून येतो आणि एकदा शेतात शिरला की जात नाही.

याच बोटाच्या पोटात आणखी एक वाक्य आहे, "दोनचार काड्यांनी काय होतंय?" माव्याच्या मादीला नर लागत नाही. ती अंडीही घालत बसत नाही, सरळ पिल्लांना जन्म देते, आणि पिल्लंही माद्याच. एक पुरते.

तिसरं बोट हवामानाचं: "तिकडची कीड आपल्या उन्हात जगत नाही." गाजर गवताला हे कुणी कळवलं नाही वाटतं. मेक्सिकोच्या बाजूचं हे तण पुण्यात १९५० च्या दशकात नजरेत भरलं आणि आज मराठवाड्यात, विदर्भात, कोकणातल्या रस्त्याकडेला, सगळीकडे आहे. ते अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाबरोबर आलं असं आपण सगळे म्हणतो, म्हणून तर काँग्रेस गवत. वनस्पतिशास्त्रज्ञांकडे भारतातले त्याहून जुने नमुने आहेत, त्यामुळे गव्हावर सगळं खापर फोडण्यात अर्थ नाही. पण जगलं की नाही, हा प्रश्न मिटलेला आहे. उलट बाहेरच्या किडीचं इथे जास्त फावतं, कारण तिला खाणारे तिकडेच राहिलेले असतात.

चौथं बोट मात्र वजनदार आहे: "एवढे नियम असून लष्करी अळी आलीच ना?"

आली. २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला, आणि त्याच वर्षी आपल्या मक्यात होती. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. पंख असलेल्याला बंदरावर कोण अडवणार? नियम अशांसाठी नाहीतच. ते आहेत स्वतःहून समुद्र ओलांडू न शकणाऱ्यांसाठी: खवले कीड, पिठ्या ढेकूण, विषाणू, सूत्रकृमी, तणांचं बी. यांना वाहन लागतं, आणि ते वाहन माणूस असतो.

नियमांनी काय थांबलं ते दिसत नाही, हीच त्यांची पंचाईत. एक उदाहरण कापसाचं. मेक्सिकोतला बोंड भुंगा १८९० च्या दशकात टेक्सासमध्ये शिरला आणि तीसेक वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेकडचा कापूस पट्टा पोखरून बसला. मुंबईच्या गिरण्यांना तेव्हा अमेरिकन कापूस लागायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात बाहेरून येणाऱ्या गाठींना मुंबईत विषारी धुरी द्यायची सक्ती झाली. त्या वेळच्या व्यापाऱ्यांनीही "अडवणूक" म्हटलंच असेल. यवतमाळच्या शेतकऱ्याला आज गुलाबी बोंडअळी विचारा, तासभर बोलेल. बोंड भुंगा विचारा, तो तुमच्याकडे बघत राहील. शंभराहून जास्त वर्षं झाली, तो भुंगा भारतात नाही. रबरावरचा दक्षिण अमेरिकेतला पानकरपाही आशियात अजून पोचलेला नाही.

पाचवं: "आली तर आली, औषध मारू."

या वाक्यावर मी सर्वांत जास्त चिडलो. माझ्या परसात सात माड आहेत. काही वर्षांपूर्वी एका सकाळी माडाखाली लावलेली स्कूटर चिकट झाली होती, सीटवर बोट फिरवलं तर पाकासारखा तार यायचा. वर पाहिलं तर झावळ्यांच्या पात्यांमागे पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी, कुणी बसून पिठाची रांगोळी काढावी तशी. पंधरा दिवसांत खालची हळद, मिरवेल, केळीची पानं काळी पडली, काजळी धरल्यासारखी. चक्राकार पांढरी माशी. मूळची मध्य अमेरिकेकडची, भारतात २०१६ मध्ये तामिळनाडूतल्या पोल्लाचीजवळ नारळावर पहिल्यांदा सापडली, पुढच्या काही वर्षांत केरळ, गोवा, कोकण. पानाच्या मागे चिकटून, झाडांच्या व्यापारातून आली असावी असा कयास आहे.

आता मारा औषध. साठ फूट माडावर, पानाच्या मागच्या बाजूला, खाली विहीर आणि कोंबड्या असताना. शिवाय फवारलंत तर माशीआधी मरतो तो एन्कार्सिया नावाचा चिमुकला गांधील, जो तिच्या पिल्लांत अंडी घालतो. म्हणून तज्ज्ञ सांगतात की फवारू नका, त्याला राहू द्या, आणि काजळी काढायला एक टक्का स्टार्चचं पाणी मारा. म्हणजे जवळजवळ पेजच. वाळली की काजळीचे पापुद्रे निघून येतात. मी मारली, उपयोग झाला, पण सात माडांना पेज मारणारा माणूस दिवसाला किती घेतो हे त्या मजकूर लिहिणाऱ्याने कळवावं.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची कथा याहून मोठी. २००८ मध्ये कोइमतूरला सापडला, पपई, तुती, टॅपिओका सगळं पांढरं करत सुटला, २०१० पर्यंत पुण्याकडे होता. अंगावर मेण, त्यामुळे फवारे ओघळून जात. उपाय सापडला तो या ढेकणाच्या मूळ मुलखातल्या परजीवी गांधिलांचा. पोर्तो रिकोहून २०१० मध्ये ते आणले गेले. पण विमानतळावरून थेट शेतात सोडले नाहीत. बेंगळुरूच्या सरकारी संस्थेत बंदिस्त ठेवून, ते दुसऱ्या कुणाला खात नाहीत ना हे तपासून मगच सोडले. वर्षभरात बागा सावरल्या. वाचवायला आलेल्यालाही विलगीकरण चुकलं नाही, आणि हा वाचवणारा मिळाला ते नशीब. दर किडीला असा मिळत नाही.

सहावं बोट: "परदेशात असलं काही नसतं." हे आंबा बागायतदारांच्या गटात कसं फिरलं हेच मला कळत नाही. १ मे २०१४ हा दिवस विसरलो? ऐन हंगामात युरोपने आपला हापूस बंद केला, सोबत अळू, कारलं, पडवळ, वांगी. कारण आधीच्या वर्षी आपल्याकडून गेलेल्या मालात फळमाशी सापडली होती. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली, ती आपण प्रक्रिया आणि तपासणी सुधारली तेव्हा. अमेरिकेला २००७ पासून आंबा जातो तो विकिरण करून, म्हणजे किरणांचा मारा देऊन. युरोपात उतरणाऱ्या प्रवाशाला डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ प्रत्येक फळाला दाखला लागतो; सुटका फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियनची. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर मुलाच्या डब्यातलं सफरचंद जाहीर करायचं राहिलं तर काय होतं, ते मेलबर्नच्या मराठी मंडळींना विचारा.

राहिलं शेवटचं, कंपन्यांचं. यातलं अर्धं खरं आहे. अर्ज कुणीही करू शकतो, पण ते पीक त्या देशातून आणायला परिशिष्टात जागा नसेल तर आधी जोखमीचा अभ्यास व्हावा लागतो आणि तो मुंगीच्या पावलाने चालतो. विलगीकरणासाठी मंजूर जागा दाखवावी लागते. ते माझ्यासारख्या दोन गुंठ्यांच्या रोपवाटिकेला झेपत नाही, मोठ्याला झेपतं. मग लोक बॅगेतून आणतात आणि काही जण "थेट थायलंडहून" असा बोर्ड लावून विकतातही. भांडायचं असेल तर यावर भांडा: तालुक्याला किंवा निदान जिल्ह्याला सामायिक विलगीकरण गृह द्या, अर्जाला मुदत बांधा, नकार दिलात तर कारण लिहून द्या. अशा निवेदनावर मी पहिली सही करीन. सीमा उघडा म्हणणाऱ्या निवेदनावर करणार नाही, कारण माझ्या शेजाऱ्याने काडी मागवलेली नसते आणि कीड त्याच्याही बागेत जाते.

पाचही काड्या त्याच संध्याकाळी पाण्याच्या चुलीत गेल्या, ओल्या कागदासकट. भाचा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी रीतसर आणायचं ठरवून त्याने परवान्याचा अर्ज उघडला. सध्या "निर्यातदाराचे नाव व पत्ता" या रकान्यापाशी अडलाय. बाजारातल्या त्या बाईने पावतीसुद्धा दिली नव्हती म्हणे.