पोरगं म्हणजे सातबारा नव्हे

हे लिहू का नको, असं बरेच दिवस चाललं होतं. घरातलं चारचौघांत सांगितलेलं आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आवडत नाही. पण गेल्या आठवड्यात पेठेतल्याच एका वहिनींनी विचारलं, "पोराला दुबईला पाठवायचंय, सासऱ्यांच्या नावानं मुखत्यारपत्र करतोय, तुमच्याकडं नमुना आहे न्हवं?" मग मला गप्प बसवेना. आबांना विचारूनच लिहितेय.

दादा आणि वहिनी मस्कतला नोकरीला. भाचा नऊ वर्षांचा, शाळेसाठी कोल्हापुरात आबांजवळ असतो. दोन वर्षांमागं दादा सुट्टीवर आला तेव्हा घाईघाईत आबांच्या नावे मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीनं कामं करायचा अधिकार देणारा कागद, केलं. शाळा, दवाखाना, बँक, प्रवास, सगळं एकाच कागदात. टायपिंगवाल्याकडं जमिनीच्या व्यवहाराचा मसुदा तयारच होता. त्यातला गट नंबर काढला आणि पोराचं नाव घातलं. पुढं मी तो कागद नीट वाचला, तर सातव्या कलमात तसंच राहिलेलं: "सदरबाबत कोणाही इसमास संमती देणे, ताबा देणे व घेणे." आपल्या पोराचा ताबा, कोणाही इसमास! आणि खाली सही एकट्या दादाची. वहिनी शेजारच्याच खुर्चीत बसली होती, तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत भाच्याला आईबाबांकडं जायचं होतं. आबांचे गुडघे गेलेले, माझ्याकडं पासपोर्ट नाही. ओळखीतले एक गृहस्थ मस्कतला निघाले होते, म्हणाले, द्या की माझ्यासोबत. आबांनी मुखत्यारपत्राच्या जोरावर त्यांना संमतीपत्र लिहून दिलं, नोटरीही केली. महालक्ष्मी एक्सप्रेसनं आम्ही तिघं मुंबईला गेलो. विमानतळाच्या दारातून ते दोघं आत गेले, मी बाहेर थांबले.

आत काय झालं ते भाच्यानंच नंतर सांगितलं. काउंटरवरच्या मुलीनं कागद बघितले आणि त्याच्याकडं वाकून विचारलं, "हे तुझे कोण?" तो म्हणाला, "माहीत नाही. काल स्टेशनवर बघितलं." त्यानं खरं तेच सांगितलं. मग तिनं आईवडिलांचं पत्र मागितलं. आजोबांना अधिकार आहे म्हटल्यावर, मग आजोबा कुठं आहेत? दादाची साइटवर ड्युटी, फोन बंद. वहिनीचा फोन लागेपर्यंत काउंटर बंद झाला होता. दोन तासांनी पोरगं दारातून परत आलं, मला बघून आधी हसलं आणि मग रडायला लागलं. त्या दिवशी मला त्या मुलीचा भयंकर राग आला होता. आज वाटतं, तिच्या हातात हात घेऊन आभार मानावेत. तिनं जो प्रश्न विचारला तो आम्ही घरच्यांनी एकमेकांना विचारायला हवा होता.

कारण बघा, आम्ही केलं काय? आईबापांनी आजोबांवर विश्वास टाकला. आजोबांनी तो उचलून तिसऱ्याच माणसाच्या हातात दिला. करार कायदा 1872 चा आहे. त्याच्या कलम 190 मध्ये सरळ म्हटलंय की जे काम मुखत्यारानं स्वतः करायचं म्हणून घेतलंय, ते त्याला दुसऱ्यावर ढकलता येत नाही, व्यापारातल्या रूढीनं किंवा कामाच्या स्वरूपानं तशी मोकळीक असेल तरच. जमिनीच्या मसुद्यात ती मोकळीक आधीच लिहून ठेवलेली असते. तोच मसुदा पोराला लावला की तीही पोराबरोबर जाते. आणि नोटरीचा शिक्का बसला म्हणून आजोबा कायदेशीर पालक होत नाहीत. ते काम कोर्टाचं, 1890 च्या पालक कायद्याखाली.

वहिनीच्या सहीचं तर मला जास्तच लागलंय. मुलाचा पालक कोण, याबद्दल 1956 च्या हिंदू कायद्यात "वडील आणि त्यांच्यानंतर आई" असे शब्द आहेत, हे खरं. पण 1999 मध्ये गीता हरिहरन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की "नंतर" म्हणजे वडील वारल्यावरच असं नव्हे, वडील नसताना, असा अर्थ घ्यायचा. याला पंचवीस वर्षं उलटून गेली. लहान मुलाच्या पासपोर्टलासुद्धा अ‍ॅनेक्शर डी नावाच्या जाहीरनाम्यावर आईबाप दोघांच्या सह्या घेतात. आणि आपल्याकडं अजून "मालकांची सही झाली की झालं"! युरोपातल्या देशांचा शेंगेन व्हिसा असो की ब्राझीलहून निघणारं तिथलं मूल असो, दोघांची संमती मागतात ती उगीच नव्हे. नवराबायकोचं बिनसलेलं असताना नातेवाइकाच्या हातातला असला सर्वाधिकाराचा कागद काय करू शकतो, याचा विचार करा. मुलांना परदेशी पळवून नेण्याबाबतचा 1980 चा हेग करार आहे, त्यात भारत नाही. मूल एकदा बाहेर गेलं की ते परत आणायला हायकोर्टाच्या पायऱ्या. ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच आलंय, ही मोठी सोय झाली, पण त्या पायऱ्या चढायची वेळ कुणावर न येवो.

गल्फमधल्या आमच्या माणसांना ऊठसूट सुट्टी मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. वकिलातीत एका सहीसाठी दिवस मोडतो. म्हणून शाळेचं, दवाखान्याचं मुखत्यारपत्र जरूर करा. रात्री दोनला पोराला ताप चढला तर डॉक्टरांनी कुणाकडं बघायचं? पण देशाबाहेर जायची परवानगी त्या गठ्ठ्यात बांधू नका. ती दरवेळी आईबापांनीच द्यावी, एका प्रवासापुरती. सोबतच्या माणसाचं नाव, त्याचा पासपोर्ट नंबर, विमान कुठलं, उतरल्यावर घ्यायला कोण येणार, सगळं त्यात यावं. सोबत कुणीच नसेल तर बऱ्याच विमान कंपन्या एकट्या मुलाला स्वतःच्या जबाबदारीवर नेतात आणि पलीकडं ओळखपत्र बघूनच ताब्यात देतात. पैसे पडतात, पडू देत.

आणि पोराला आधी त्या माणसाशी चार वेळा बोलू द्या. घरी जेवायला बोलवा त्याला.

आबा महिनाभर कुणाशी नीट बोलत नव्हते. मग एक दिवस स्वतःच तो जुना कागद काढून माझ्यापुढं ठेवला, म्हणाले, हे रद्द कर बाई. दादानं रद्दपत्र पाठवलं. या मेला वहिनीची मावशी मस्कतला जाणार आहे, भाचा तिच्याबरोबर. दोघांच्या सहीचं पत्र मी टाइप केलं आणि भाच्याला वाचायला दिलं. त्यानं बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, स्वतःच्या नावापाशी थांबला, मावशीआजीच्या नावापाशी थांबला. शेवटी वर बघून विचारलं, "आत्या, परत यायची तारीख कुठं लिहिलीयस?"

लिहिली नव्हती. त्याच्यासमोरच घातली. उद्या सह्यांसाठी मस्कतला पाठवतेय.