सातबारा म्हणजे वंशावळ नव्हे

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘आडनाव टाका, सातबारा उघडा, 10 मिनिटांत 400 वर्षांची वंशावळ मिळवा. सातबाऱ्यावर नाव नाही, तो तुमच्या घराण्यातला नाही.’ भावकीच्या गटांत लोक हे खरं मानून चाललेत, म्हणून लिहितोय.

400 वर्षं? सातबारा ज्या हक्कनोंदणीतून आला, तिचा मुंबई इलाख्यातला कायदा 1903 चा. शेतवार मोजणी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. त्यामागचं शोधायचं तर पुण्याचं पेशवे दफ्तर आणि मोडी वाचणारा माणूस हवा. मराठवाड्याचे जुने कागद निजामाच्या राज्यातले, बरेचसे उर्दूत.

आडनावाने शोधावं, हेही फसवं. जुन्या नोंदीत ‘गोविंदा बिन रामजी’, म्हणजे रामजीचा मुलगा गोविंदा, एवढंच असतं. पुढच्या पिढीत कुणी गावावरून आडनाव लावलं, कुणी पाटीलकीवरून. जमिनीचा क्रमांकही टिकत नाही. 1947 च्या कायद्याखाली जमिनींचं एकत्रीकरण झालेल्या गावांत सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, तेव्हा आधी जुना नंबर जुळवावा लागतो.

पण मला सर्वांत जास्त लागतं ते त्या मजकुरातलं शेवटचं वाक्य. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ आहे, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन तिघा भावांची, कागदावर नाव थोरल्याचं. धाकट्या दोघांची नातवंडं परकी झाली का? बहिणींची नावं कित्येक ठिकाणी ‘इतर हक्क’ या रकान्यात पडून असतात, नाहीतर हक्कसोड करून तिथूनही गेलेली असतात. आणि ज्यांच्या नावे कधी गुंठाभर जमीनच नव्हती, त्या शेतमजुरांचे, बलुतेदारांचे वाडवडील काय या गावात जन्मले नाहीत? त्यांच्यासाठी कोतवाल बुक म्हणजे जुना गाव नमुना 14 बघा, जुन्या काळच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तिथे असतात.

सातबारा टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. त्यावरच्या फेरफार क्रमांकांना, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींच्या क्रमांकांना, मी फार मानतो. सातबाऱ्यावर कंस झालेलं, म्हणजे कमी केलेलं, नाव दिसलं की त्याचा फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मागून काढा. वारसनोंद असेल तर कोण कधी वारलं, मागे कोण राहिलं, पोरं लहान म्हणून ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई होती का, हे त्या चार ओळींत सापडतं. माझ्या पणजीचं नाव मला तिथेच पहिल्यांदा दिसलं. घरात सगळे तिला नुसतं ‘मोठी आई’ म्हणायचे.