दुसरा वुडहाउस

वाचनालयाच्या मागणी वहीत मी ‘पी. जी. वुडहाउस : गीतसंग्रह’ एवढंच लिहिलं. वुडहाउस म्हणजे बर्टी वूस्टर आणि त्याचा हुशार नोकर जीव्ज यांच्या विनोदी गोष्टी लिहिणारा इंग्रज लेखक. पेनाला टोपण लावायच्या आत शेजारच्या काकांनी ती ओळ लाल रेघ मारून खोडली. काका वाचनालयाचे कोणी नाहीत. ते फुकट पेपर वाचायला येतात आणि लाल पेन घरून आणतात.

“जीव्जवाला वुडहाउस वेगळा. हा गाणीवाला दुसरा कोणीतरी.”

“एकच आहे हो, काका. १८८१चा जन्म, आधी लंडनमध्ये हाँगकाँग-शांघाय बँकेत कारकून...”

“बँकेतला म्हणजे तिसरा.”

“अहो, बँक सोडली त्याच वर्षी, १९०२ साली, त्याचं पहिलं पुस्तक आलं. शाळेतल्या मुलांची गोष्ट.”

“बालवाङ्मय?” काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “आणि ते डुकरीणवालं कोणाचं?”

“ब्लँडिंग्जचं? त्याचंच.”

“डुकरं पाळणारा माणूस प्रेमगीतं लिहील?”

डुकरीण ब्लँडिंग्जच्या कादंबऱ्यांतल्या लॉर्ड एम्सवर्थची, लेखकाची नव्हे, हे सांगण्यात माझी दहा मिनिटं गेली आणि ती अजून डोक्यात आहेत. कारण गाणी बाजूला काढली की त्या कादंबऱ्यांचं यंत्रच कळत नाही. तो जिथल्या संगीतिकांची गाणी लिहायचा, ते न्यूयॉर्कचं प्रिन्सेस थिएटर होतं २९९ खुर्च्यांचं. तिथे महाल उभे करायला आणि नाचणाऱ्या मुलींचा ताफा सोडायला जागा नाही. नेपथ्यं दोन, वादक मोजके. मग गाण्यालाच कथा पुढे ढकलावी लागे. गाय बोल्टन संवादांना, जेरोम कर्न चालीला आणि वुडहाउस शब्दांना.

चाल आधी, शब्द नंतर, हा त्याचा आग्रह. शब्द आधी लिहिले तर ओळी पाठ्यपुस्तकातल्या कवितेसारख्या एकाच मापाच्या पडतात. चाल समोर असली की ती कुठे चढते, कुठे मध्येच तुटते हे कळतं आणि गमतीचा शब्द तिथेच बसवता येतो. आपली नाट्यपदंही तयार चालींवर बेतलेली. पण मराठीत अक्षर थोडं ओढलं तरी खपतं. इंग्रजीत जोर भलत्या अक्षरावर पडला की शब्दच ओळखू येत नाही. शिवाय लांबवायच्या सुरावर ओठ मिटणारं अक्षर आलं की गायिका तिथेच अडकते.

कादंबऱ्यांनाही त्याने हेच माप लावलं. आपली कादंबरी म्हणजे संगीत वगळलेली संगीतिका, असं तो स्वतःच म्हणे. पात्र म्हणजे पगारी नट. महागडा नट घेतलात तर त्याला भरपूर प्रवेश द्या, नाहीतर तो घेऊ नका. बर्टीच्या आत्या अचूक वेळी दार उघडून आत येतात, ते उगीच नाही.

पुराव्यादाखल मी ‘बिल’ सांगितलं. मनात राजबिंडा नायक रंगवलेली मुलगी एका अगदी साध्या माणसाच्या प्रेमात पडते, ते गाणं. १९१८च्या ‘ओ, लेडी! लेडी!!’ या संगीतिकेसाठी लिहिलं आणि गाळलं. १९२७ला ‘शो बोट’ या दुसऱ्या संगीतिकेत शिरलं आणि गाजलं. ‘शो बोट’ची गीतं हॅमरस्टाइनची, म्हणून लोकांनी हेही त्याच्याच खात्यावर टाकलं. १९४६च्या पुनरुज्जीवनात हॅमरस्टाइनने स्वतः छापील खुलासा केला, की हे गीत वुडहाउसचं.

“खुलासा करावा लागला ना?” काका म्हणाले. “म्हणजे शंका होतीच.”

यावर काय बोलणार! जन्मभर गीतं लिहायची, इतरांनी त्यांचे शब्द फिरवायचे, आणि शंभर वर्षांनी लाल पेनवाल्याने निकाल द्यायचा. १९३४च्या ‘एनिथिंग गोज’ या संगीतिकेचं तर उलटंच. बोल्टन आणि वुडहाउसने जहाजावरच्या संकटाचं प्रहसन लिहिलं. त्याच सप्टेंबरात मॉरो कॅसल हे खरं जहाज पेटलं, शंभरावर माणसं गेली. पुढे लिंडसे आणि क्राउज यांनी संहिता नव्याने लिहिली. ‘बिल’मध्ये शब्द राहिले, नाव गेलं, इथे नाव राहिलं, शब्द गेले.

हे मात्र मी काकांना सांगितलं नाही. त्यांनी चौथा वुडहाउस काढला असता.