दोन मिनिटांत येतो

ठाण्यात, नौपाड्यातल्या गोखले रोडवर गाडी लावायला पैसे पडणार आणि वर कडेने सायकलचा पट्टाही आखणार, असं कुणी नुसतं म्हटलं तरी अस्सल नौपाडेकराने चिडायला हवं. प्रस्ताव वाचायच्या आधीच चिडावं. वाचल्यावर राग थोडा उतरण्याचा धोका असतो.

एक वाक्य पाठच करून ठेवा: "आम्ही रोड टॅक्स भरतो." एखादा आगाऊ विचारेल, तो टॅक्स गाडी चालवण्याचा की उभी करण्याचा? त्याला सोसायटीच्या पुढच्या मीटिंगचा निरोपच देऊ नका. गाडीला जागा लागते साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे १३५ चौरस फूट. तेवढी खोली नौपाड्यात भाड्याने बघायला गेलात तर डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, पोलीस व्हेरिफिकेशन आणि "नॉनव्हेज करता का?" एवढं सगळं आलं. गाडीला यातलं काहीच लागत नाही. ती भर बाजारात फुकट राहते, आणि गेली कित्येक वर्षं राहतेय म्हटल्यावर आता तिला उठवणं माणुसकीला धरून नाही.

गावदेवी मैदानाखाली भुयारी वाहनतळ आहे, याची आठवण कुणी करून दिली तर गुडघ्यावर हात ठेवा. तिथून राममारुती रोडपर्यंत चालत यायचं म्हणजे पाच-सात मिनिटं. (याच गुडघ्यांनी रोज सकाळी तलावपाळीला चार फेऱ्या मारता, हे सांगायची गरज नाही. तो व्यायाम. तिथेही गाडीनेच जायचं असतं.) त्यापेक्षा राममारुती, गोखले रोड, पुन्हा राममारुती असे तीन वेढे घाला. शंभरी ओलांडलेलं पेट्रोल जळू दे, पण वीस रुपयांची पावती फाडू देऊ नका. प्रश्न पैशांचा नसतो, तत्त्वाचा असतो. हॉटेलच्या दारातल्या वॅलेवाल्याला पन्नास रुपये द्यायला हरकत नाही, तो सलाम करतो.

जागा नाहीच मिळाली तर माझी पद्धत वापरा. गाडीत माणूस बसलेला दिसला की टोइंगवाले सहसा हात लावत नाहीत. म्हणून खरेदीला निघताना मी आईला बरोबर घेतो. तिला पुढच्या सीटवर बसवायचं, काच चार बोटं खाली, इंडिकेटर चालू. सुरुवातीला ती कंटाळायची. आता येतानाच मेथीची जुडी आणि वर्तमानपत्र घेऊन येते. पेपर मांडीवर, पानं डब्यात, काड्या गिअरशेजारच्या बाटलीच्या खाचेत. हवालदाराने काचेवर टकटक केली की मान वर न करता म्हणते, "दोन मिनिटांत येतोय हो तो." परवा मी आलो तेव्हा मेथी संपून ती शेजारच्या गाडीतल्या आजींच्या पावट्याच्या शेंगा सोलत होती. त्यांचा मुलगाही दोन मिनिटांतच येणार होता.

या लढ्यात दुकानदारांनाही बरोबर घ्या. पैसे लावले तर गिऱ्हाईक तुटेल, हे त्यांच्याइतक्या कळवळ्याने कुणी सांगत नाही. दुकानासमोरच्या जागेत सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत मालकाची स्वतःची गाडी असते, तिच्या शेजारी रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला पाइप असतो, आणि गिऱ्हाईक पलीकडे डबल पार्किंगमध्ये हॉर्न खात असतं. तासाला पैसे पडले तर मालक गाडी घरी ठेवतील आणि त्याच जागेत दिवसभरात दहा गिऱ्हाइकं लावून जातील. हा हिशोब त्यांना चुकूनही सांगू नका. एकी फुटते.

आता सायकलचा पट्टा. इथे आवाज चढवून विचारायचं, "हे काय ॲमस्टरडॅम आहे? इथे सायकल चालवतं कोण?" हे विचारताना फक्त वेळ सांभाळा. पहाटे पेपरवाला आणि दूधवाला, सकाळी भोंगा वाजवत इडलीवाला, रात्री मागे किटली बांधलेला चहावाला. नेमका तुमचा प्रश्न चालू असताना यातला कुणीतरी तुमची गाडी चुकवत रस्त्याच्या मधून जातो आणि सगळा परिणाम घालवतो. गोंधळू नका. त्याची ती सायकल धरायची नसते. सायकल म्हणजे चाळीस हजारांची, जी रविवारी पहाटे गाडीच्या मागे बांधून येऊरच्या पायथ्याशी नेतात, टेकडीवर फिरवतात आणि पुन्हा गाडीवर बांधून घरी आणतात. तिला गोखले रोडवर पट्टा कशाला हवा? आणि आखलाच तर घाबरू नका. कडेने, सपाट, स्वच्छ पांढऱ्या रेघा मारलेली लांबलचक जागा. गाडी लावायला याहून सुरेख काय हवं?

इतिहासाचा आधार मात्र जपून घ्या. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ३४ किलोमीटर येऊन देशातली पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यात थांबली, हा आपला अभिमान. पण त्यातून सुमारे चारशे माणसं उतरली आणि "गाडी कुठे लावू?" असं एकानेही विचारलं नाही, इकडे चर्चा वळू देऊ नका.

राहता राहिली पी-वन, पी-टूची पाटी. सम तारखेला रस्त्याची एक बाजू, विषमला दुसरी. म्हणजे रोज सकाळी पायजम्यावर खाली उतरून गाडी समोर नेणं आलं. विसरलात तर ई-चलान, आणि मग लोकअदालतीत सवलत मिळेपर्यंत ते साठवणं आलं. पण या नियमातही दयेला जागा आहे. ३१ विषम, दुसऱ्या दिवशीची १ पण विषम. वर्षातून सात वेळा गाडी दोन दिवस जागची हलवावी लागत नाही. लीप वर्षी २९ फेब्रुवारीनंतर १ मार्च येतो, तेव्हा आठ वेळा. पुढचं लीप वर्ष २०२८. कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.